बाटली कोण उघडतं

५ फेब्रुवारी

धाकट्या,

अकरा वर्षांनी पत्र आलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. वर आशीर्वाद लिहिलेला नाही, तो मुद्दामच लिहिलेला नाही. मला तुझ्याशी गोडीगुलाबी करायची नाही. एक तांत्रिक प्रश्न विचारायचा आहे आणि नोझलमधलं खरोखर कळणारी माणसं माझ्या माहितीत दोनच आहेत. त्यातला एक मी, त्यामुळे माझा नाइलाज आहे.

तुझा पत्ता चिरंजीवांच्या डायरीत सापडला. म्हणजे माझा मुलगा माझ्या पाठीमागे काकाशी सूत जमवून आहे. त्याच्याकडे नंतर बघतो.

मागच्या वर्षी माझ्या छातीचं ऑपरेशन झालं, हे डायरीवाल्याने तुला कळवलं असेलच. तेव्हापासून डॉक्टर तेलाच्या मागे हात धुऊन लागलेत. म्हणून सूनबाईने तेल फवारायची बाटली आणली. काचेची आहे. वर दाबायचा खटका, आत बुडणारी प्लास्टिकची नळी, नळीच्या टोकाला बारीक जाळी आणि पुढे नोझल. खटका दाबला की तव्यावर तेलाचं धुकं बसतं. चमच्याने जेवढं पडायचं त्याच्या दहाव्या हिश्श्यात आमलेट होतं, आणि चवीलाही तेवढंच लागतं. डिझेल पंपांची नोझलं जुळवण्यात आपल्या दोघांची हयात गेली आणि आता म्हातारपणी माझ्या वाट्याला हे नोझल आलंय. बघून आधी हसू आलं, मग जरा बरंही वाटलं.

या बाटलीची देखभाल माझ्याकडे आहे. कुणी दिली नाही, मीच घेतली, कारण या घरात मला दुसरं काही करू देत नाहीत. जड उचलायचं नाही, स्टुलावर चढायचं नाही, गॅसपाशी उभं राहायचं नाही. नुसतं बसून घराची शोभा वाढवायची. दर सोमवारी सकाळी मी बाटली रिकामी करतो आणि सगळे भाग सुटे करतो. गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून धुतो, मग साध्या गरम पाण्याचे वीस-पंचवीस फवारे मारून नळी साफ करतो. नोझलवर दातांचा मऊ ब्रश फिरवतो. टाचणी लावत नाही. टाचणीने भोक मोठं होतं हे तुला सांगायला नको, त्यासाठी तू माझी थप्पड खाल्ली आहेस. कापडाने पुसत नाही, धागा अडकतो. ओलं असतानाच जोडायचं ही आपल्या वर्कशॉपची शिस्त मी इथेही सोडलेली नाही. मग पाऊण बाटली तेल भरतो, वर्तमानपत्राच्या कागदावर वीतभर अंतरावरून एक फवारा मारतो आणि त्यावर तारीख घालतो.

आता प्रश्न. सोमवारी सकाळचा फवारा जाड येतो, मोठे मोठे थेंब, मध्ये धार. नवं तेल बसायला वेळ लागत असेल, असं मी धरून चालतो. पण मंगळवारी सकाळी त्याच बाटलीचा फवारा एकदम बारीक, गोल, अगदी टेस्टिंग मशिनवर जुळवल्यासारखा. सलग पाच आठवडे हेच चाललंय. तेल तेच, नोझल तेच. डिझेलमध्ये रॉकेल मारलं की फवारा कसा बारीक व्हायचा ते आठव. कुणीतरी माझ्या तेलात काहीतरी पातळ मिसळतंय. ते काय असेल?

सोबत दोन कागद पाठवतोय, सोमवारचा आणि मंगळवारचा. हे विचारल्याचं चिरंजीवांना कळवू नकोस.

तुझा मोठा भाऊ, कागदोपत्री


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. चौदा दिवसांनी आलं आणि त्यात मजकूर एक ओळीचा. 'दादा, बाटली धुऊन चार दिवस कुलपात ठेव, मग फवारा बघ.' पुढे तुझी सही. अरे, मी काय विचारलं आणि तू काय सांगतोस! तेलात काय घातलं असेल याबद्दल चकार शब्द नाही. एक तर तुला उत्तर येत नाही, नाहीतर येतंय आणि तू मुद्दाम तोंड शिवून बसलायस. की तुझं आणि चिरंजीवांचं आधीच काही बोलणं झालंय?

तुझ्या सल्ल्यावाचून माझं अडलेलं नाही. मी सापळा लावला.

काल सोमवारी बाटली भरून झाल्यावर टोपी आणि काचेचा गळा यांच्यावरून पेन्सिलीने एक सलग बारीक रेघ ओढली. चष्मा लावल्याशिवाय दिसणार नाही अशी. तेलाची पातळी कुठे आहे तेही खूण करून ठेवलं. दुपारी दीड ते चार मी झोपतो, डॉक्टरांनी सक्तीच केलीय. चहाच्या वेळी उठून बघतो तर टोपीवरची रेघ एकीकडे आणि गळ्यावरची दुसरीकडे. तेल खुणेच्या बोटभर वर. म्हणजे मी भरलेलं तेल काढून घेतलंय आणि दुसरंच काहीतरी भरलंय! शिवाय सिंकच्या कडेला पांढरी पूड सांडली होती. बोटाने उचलून वास घेतला, वास नाही. चाखायची हिंमत झाली नाही. बाटलीच्या तोंडाला मात्र आंबूस वास होता.

दुपारी घरात कोण असतं? सूनबाई. तिची सकाळची पाळी असते, एकला परत येते. काम कुठे, तर रक्त-लघवी तपासण्याच्या लॅबमध्ये. दिवसभर बाटल्या, नळ्या आणि रसायनं हाताळणारी बाई. तिच्या पर्समध्ये रबरी हातमोजे असतात, मी पाहिलेत. पर्स उघडीच होती, मी उघडली नाही.

आणखी एक. परवा ती गॅलरीत फोनवर बोलत होती. आवाज खाली होता, पण माझे कान अजून शाबूत आहेत. 'नाही नाही, बाबांना कळता कामा नये,' असं म्हणाली. माझ्या कानांनी ऐकलं. आता सांग, मी वेडा झालोय का?

दर आठवड्याला मंगळवारपासून मला पोटात जड वाटतं. सोमवारी वाटत नाही.

तू म्हणशील, म्हाताऱ्याला संशयाचं वेड लागलंय. लागलं असेल, पण ते मला तू लावलंस. माझ्या हातचं शिशाचं सील तोडलेलं मी आयुष्यात एकदाच पाहिलं, तेही तुझ्या बाकावर. सकाळी मी स्वतः जोडलेला, तारेने बांधून सील केलेला पंप, आणि दुपारी जेवून येतो तर तू त्याचा कोथळा काढून बसलेला. आतले नवे प्लंजर ट्रेमध्ये. बाजूला धुण्याचं डिझेल, त्यातही काही कालवाकालव केलेली, दुधाळ झालेलं. नवे भाग काढून जुने बसवायचे आणि नवे स्वतःचं दुकान काढायला बाजूला टाकायचे, हे कळायला मला कुठल्या लॅबमध्ये जायची गरज नव्हती. तू तोंड उघडलंस तेव्हा मी म्हणालो, 'किल्ली ठेव आणि नीघ.' तू किल्ली ठेवलीस. इतक्या लगेच ठेवलीस, त्यावरूनच मी काय ते समजलो.

असो. जुनं उगाळायला हे पत्र लिहिलेलं नाही. पातळ पदार्थ कोणता, एवढं सांग.

दादा


२५ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझ्याकडून काही आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

काल रविवारी दुपारच्या जेवणाला तिघंही होतो. भाज्या भाजलेल्या होत्या, बटाटे वरून छान कुरकुरीत. सूनबाईने माझ्या ताटात वाढले. मी हात मागे घेतला आणि म्हणालो, 'आधी तू खा.'

ती म्हणाली, 'मी घेतेच आहे बाबा. काय झालं?'

'या बटाट्यातला खा. माझ्या ताटातला.'

चिरंजीव म्हणाले, 'बाबा, हे काय चालवलंय?'

मी खिशातून, तुला पाठवलेले सोडून उरलेले, सहा आठवड्यांचे कागद काढून टेबलावर मांडले. सोमवार एका ओळीत, मंगळवार खालच्या ओळीत. म्हणालो, 'मी इतकी वर्षं फवारे वाचलेत. माझ्या तेलात काय मिसळतेस ते सरळ सांग, नाहीतर मी ही बाटली तपासायला देतो. तुझ्या लॅबमध्ये नाही, दुसऱ्या.'

ती पांढरीफटक पडली. मी तिच्याकडेच बघत होतो. घाबरलेलं माणूस आणि दुखावलेलं माणूस यांच्यातला फरक मला कळतो असं मला वाटायचं. ती म्हणाली, 'बाबा, तुम्हाला खरंच वाटतं मी तुम्हाला विष घालतेय?' मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. ती उठली, आपलं ताट उचललं आणि आत गेली. माझ्या ताटातला तो बटाटा चिरंजीवांनी उचलून खाल्ला आणि माझ्याकडे बघत बसले.

संध्याकाळी ते माझ्या खोलीच्या दारात आले. आत आले नाहीत. म्हणाले, 'आम्ही दुसरी जागा बघतोय. येत्या रविवारी एक बघायला जाणार आहोत. तुमच्याकडे येऊनजाऊन असू, पण तिला मी या घरात ठेवणार नाही.' आवाज चढवला नाही. चढवला असता तर मलाही चढवता आला असता.

मी म्हणालो, 'जा. खरं बाहेर आलं की माणसं जातातच.'

हे वाक्य माझ्या तोंडून याआधी एकदा गेलंय. कुणाला उद्देशून, ते तुला माहीत आहे.

आज सोमवार. बाटली नेहमीसारखी धुतली, जोडली, भरली. रेघ ओढली. आणि या वेळी ती ओट्यावर ठेवली नाही, माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली बनियनच्या आत दोऱ्याला अडकवली आहे. तुझ्या सांगण्यावरून करतोय असं समजू नकोस. मला पुरावा हवाय. चार दिवसांत कुणाचा हात लागणार नाही. शुक्रवारी फवारा सोमवारसारखाच जाड आला, की सिद्ध झालं की बारीक करणारं काहीतरी बाहेरून येत होतं. तो कागद चिरंजीवांच्या हातात देईन. मग जागा बघायला जायचं की बायकोला जाब विचारायचा, ते त्यांचं ते ठरवतील.

घरात कुणी माझ्याशी बोलत नाही. सूनबाई औषधाच्या गोळ्या वेळेवर टेबलावर ठेवते, पाण्याच्या पेल्यासकट. मी त्या पाकिटातून पुन्हा मोजून घेतो आणि मग गिळतो. एकदा मोजताना तिने पाहिलं. मला ते आवडलं नाही, म्हणजे तिने पाहिलेलं. की मोजलेलं, कोण जाणे.

दादा


१ मार्च

धाकट्या,

आज सकाळी कपाट उघडलं. रेघ जागच्या जागी होती, केसभरही सरकलेली नव्हती. पातळी खुणेवर. बाटलीला माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नव्हता, हे मी कुठेही शपथेवर सांगेन.

कागद धरला आणि खटका दाबला. नोझलने एकदा थुंकल्यासारखं केलं. मग धार आली, वाकडी, कागदाबाहेर माझ्या सदऱ्यावर. मग काहीच नाही. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. गॅसवर तवा ठेवला, चांगला तापू दिला आणि त्यावर मारलं तर तडतड करून तेल माझ्या मनगटावर उडालं. तव्यावर तेल कधी तडतडतं ते सांगायला मला तुझं कार्ड नको. त्यात पाणी असलं की.

बाटली खिडकीपाशी धरली. तेल धुरकट होतं. तळाशी, नळीच्या जाळीपाशी, पाण्याचे मणी बसले होते, चांगले हरभऱ्याएवढे. जाळी त्यातच बुडलेली. म्हणजे नळी तेलाऐवजी पाणीच ओढत होती. टोपी उघडली तर आतून ओलसर, कोंदट वास आला.

हे सगळं माझं होतं. कुलूप माझं, किल्ली माझ्या छातीवर, धुणारे हात माझे.

ओट्याला टेकून उभा राहिलो. ओलं असतानाच जोडायचं, पुसायचं नाही. वर्कशॉपमध्ये ते बरोबरच होतं, कारण तिथे आपण डिझेलमध्ये धुवायचो. डिझेलचं ओलं डिझेलमध्ये गेलं तर काय बिघडतं? इथे मी पाण्यात धूत होतो आणि जुनी शिस्त डोळे मिटून पाळत होतो. नळीत पाणी, जाळीत पाणी, खटक्याच्या आतल्या स्प्रिंगपाशी पाणी, आणि वरून तेल. दर सोमवारी. आणि शिस्त पाळतोय म्हणून छाती पुढे.

सूनबाई कामावरून आली तेव्हा मी बाटली टेबलावर ठेवून बसलो होतो. म्हणालो, 'बस जरा.' ती बसली नाही, पर्स हातात धरून उभी राहिली.

मी म्हणालो, 'तू ही दर सोमवारी उघडत होतीस.'

'हो,' ती म्हणाली. 'तुम्ही झोपलात की उघडायचे. तेल ओतून काढायचे, सगळे भाग सुटे करून खिडकीत उपडे ठेवायचे. नोझल व्हिनेगरमध्ये भिजवायचे, बाटलीला खायचा सोडा लावायचे. सगळं खडखडीत वाळलं की नवं तेल भरायचे. आमच्याकडे ओलं भांडं वापरलं तर रिपोर्ट चुकतो, बाबा. हाताला सवयच आहे.'

'मग सांगितलं का नाहीस?'

'तुम्ही लावलेलं मिक्सरचं भांडं घट्ट बसलं नाही, एवढंच एकदा म्हणाले होते. तुम्ही नऊ दिवस माझ्याशी बोलला नव्हतात.' मग म्हणाली, 'आणि हे म्हणाले, बाबांकडे तेवढं एकच काम उरलंय, ते त्यांचं राहू दे. त्यांना कळता कामा नये.'

खरं सांगतो, मला आधी रागच आला. मी चुकलो याचा नाही, मी चुकतोय हे दोघांना ठाऊक होतं आणि ते मला सांभाळून घेत होते, याचा. लाज त्यानंतर आली. पण आली ती अशी की मला मान वर करता येईना. मी तिला म्हणालो, 'मी तुझ्यावर फार घाण आरोप केला. माझं चुकलं.' हे वाक्य बोलायला मला किती वेळ लागला ते तिने मोजलं असेल.

मग म्हणाली, 'मी उघडत होते हे तुम्हाला कळलं होतं ना? मग मला विचारायचंत. एकदा विचारलं असतंत तर सांगितलं असतं.' आणि तिला रडू आलं. मला कुणाची समजूत काढता येत नाही हे तुला माहीत आहे. मी आपला तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. तिने तो घेतला.

जागा बघायला जाऊ नका, असं मी म्हणालो. ती म्हणाली, 'रविवारी जाऊन येणार आहोत, शब्द दिलाय. घ्यायची की नाही ते मला आत्ता सांगता येणार नाही.' तिच्या जागी मी असतो तर एव्हाना सामान बांधलं असतं. ती जाईल की राहील, मला ठाऊक नाही. विचारायचा हक्क मी घालवून बसलोय. पण जाताना म्हणाली, 'सोमवारी धुवायला बसाल तेव्हा मला हाक मारा, वाळवायचं मी दाखवते.' त्यावर मी दुपारपासून जगतोय.

ती आत गेल्यावर मी बराच वेळ त्या बाटलीच्या तळाकडे बघत बसलो होतो, आणि मला दुसरंच दिसायला लागलं. धुण्याच्या ट्रेमधलं दुधाळ डिझेल. डिझेल दुधाळ होतं ते पाण्याने. त्या आठवड्यात माझ्या बाकावरचा पत्रा पावसाने गळत होता, आणि ट्रे रात्रभर तिथेच असायचा. बादली ठेव म्हणून तू दोनदा सांगितलं होतंस आणि मी 'बघतो' म्हणालो होतो. तो पंप मी सकाळी त्याच ट्रेमध्ये धुतला, न बघता. ओलाच जोडला. सील मारलं आणि जेवायला गेलो. संध्याकाळी गाडीवाला तो घेऊन जाणार होता. पाणी गेलेला पंप कुठल्यातरी घाटात बंद पडला असता आणि त्यावर सील माझ्या हातचं असतं.

चार दिवस कुलपात ठेव, हे तू उगाच लिहिलं नव्हतंस. माझे कागद बघूनच तुला कळलं होतं. सांगितलं असतंस तर मी ऐकलं नसतं, हेही तुला कळलं होतं. अकरा वर्षांनंतरही.

मी मनाशी सगळं जुळवलंय, पण मनाशी जुळवण्यातच माझं वाटोळं झालंय. तेव्हा तू तोंड उघडलं होतंस आणि मी तुला बोलू दिलं नाही. या वेळी मी मधे बोलणार नाही. एक ओळ लिही, दहा पानं लिही, शिव्या घाल, हवं तर इथे येऊन समोर बसून सांग.

धाकट्या, तो पंप तू का उघडला होतास?

दादा